एकमत होईपर्यंत घास नाही

मालनआत्या परळच्या घरी कायमच्या राहायला आल्या, गॅलरीशेजारची खोली त्यांना मिळाली, आणि सुनेत्राची खुर्ची फ्रिजशेजारी गेली. झालं ते एवढंच.

आता हे झालेलंच नाही असं धरून चालायचं. हिवाळ्यांच्या घरात तशी पद्धतच आहे. उपवास-प्रार्थनेला बसताना देवाची इच्छा काय असेल याची आपल्याला काडीचीही कल्पना नाही, असा चेहरा प्रत्येकाने करायचा असतो. त्या शनिवारी सकाळी सुनेत्रा तो चेहरा करून कांदा चिरत होती. कांद्यामुळे चेहऱ्याला थोडी मदत होत होती.

नियम थोरल्या हिवाळ्यांचा, म्हणजे तिच्या आजेसासऱ्यांचा. नगरहून मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून मुंबईत आलेल्या या माणसाने ठरवून टाकलं होतं की घरात मोठा प्रश्न आला की सगळ्यांनी उपाशीपोटी प्रार्थनेला बसायचं. सगळ्यांचं मन एक झालं की ती देवाची इच्छा. तोवर पाणी चालेल, घास नाही. मास्तर गेले, नियम राहिला. पुढे कधीतरी त्यात एक दुरुस्ती झाली. प्रार्थना सुरू करतानाच मटण चुलीवर चढवायचं. तेव्हापासून हिवाळ्यांना देवाची इच्छा साधारण मटण शिजायच्या सुमाराला कळू लागली. सुनेत्राच्या धाकट्या दिराने, गंगाधरने, कॅनडाला जायचं नाही, हे असंच कळलं. सुनेत्राच्या मुलाचं नाव वैभव ठेवायचं, तेही. निळा फ्रिज घ्यावा ही देवाची इच्छा असल्याचं तर रस्सा उकळायच्या आतच स्पष्ट झालं, कारण त्या दिवशी सगळ्यांना फारच भूक लागली होती.

आजचा प्रश्न फ्रिजपेक्षा मोठा होता आणि बाहेरच्या सोफ्यावर बसला होता. मालनआत्या म्हणजे सुनेत्राच्या नवऱ्याच्या, आनंदाच्या, वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, परळच्या एका इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झाली, वडाळ्याच्या खोलीत एकटी राहिली आणि कुणाच्या बापाला घाबरली नाही. गेल्या महिन्यात, म्हणजे ऐन जूनमध्ये, ती नाताळचा तारा उतरवायला स्टुलावर चढली. तारा खाली आला नाही, आत्या आल्या. उजवा हात मोडला. डॉक्टर म्हणाले, आता एकटं राहायचं नाही. आत्या म्हणाल्या, तुमच्यासारखे पुष्कळ डॉक्टर मी घाबरवलेत. पण हाताने भाकरी थापता येईना, केसांचा अंबाडा घालता येईना, तेव्हा त्या गप्प झाल्या. कुटुंबाला खरी धास्ती बसली ती तेव्हा.

आता आत्या कुणाकडे राहणार? थोरला पुतण्या आनंदा परळला, धाकटा गंगाधर अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दोघांनीही आठवडाभर प्रार्थना केली होती.

सुनेत्रानेही केली होती. आणि घोळ तिथेच होता.

दादरच्या शाळेत सदतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून ती यंदा निवृत्त झाली होती. लग्न करून वैभव ठाण्याला गेला आणि गॅलरीशेजारची त्याची खोली मोकळी झाली. त्या खोलीत सुनेत्राने एक खुर्ची ठेवली. बाकी काहीच नाही. शिलाई मशीन नाही, पुस्तकांचं कपाट नाही, योगाची चटई नाही. खुर्चीत बसायचं आणि पूर्वेच्या खिडकीतून समोरच्या अर्धवट टॉवरकडे बघायचं, एवढाच त्या खोलीचा उपयोग होता. आयुष्यात प्रथमच तिला असं दार मिळालं होतं, जे तिने लावलं की लागत असे.

तर मंगळवारी त्या खुर्चीत बसून तिने प्रार्थना केली. "देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. फक्त ते गंगाधरभावोजींकडे होऊ दे." मग तिलाच लाज वाटली. म्हणून तिने रीतसर खूण मागितली. आत्यांनी इथेच यावं असं तुझं म्हणणं असेल, तर समोरची क्रेन हलू दे. टॉवरचं काम महिनोन्महिने बंद होतं, क्रेनवर कावळ्यांचं कुटुंब नांदत होतं. क्रेन हलली. कावळे ओरडत उठले.

सुनेत्राने विचार केला, क्रेनचं कामच हलायचं आहे, त्यात देवाचं काय. बुधवारी तिने जरा अवघड खूण मागितली. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर फुकट द्यावी. त्याने कोथिंबीर दिली, वर मिरच्या दिल्या आणि "राहू द्या, बाई" म्हणाला. गुरुवारी तिने अशक्य तेच मागितलं. ह्यांनी जेवण झाल्यावर आपलं ताट स्वतः उचलून बेसिनमध्ये ठेवावं. आनंदा जेवला, उठला, ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं आणि वर नळ सोडला. सुनेत्राने हातातला घास परत ताटात ठेवला.

त्यानंतर तिने खुणा मागणं बंद केलं. देव फारच तत्पर निघाला.

"ताई, मीठ घातलंत का?" अनुजाने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं. ही गंगाधरची बायको. चर्चच्या महिला संघाची सेक्रेटरी असल्यामुळे ती उपवासालाही इस्त्रीची साडी नेसून बसायची.

"घातलं. बरोबर पडलंय का ते देवाला माहीत." उपवास असल्याने चव घेता येत नव्हती. मीठ विश्वासाने घालावं लागलं होतं.

"आत्यांना मीठ जरा जास्त लागतं."

"तुला बरं माहीत आहे त्यांना काय लागतं ते."

"ऐकून माहीत आहे," अनुजा घाईने म्हणाली. "राहून नाही."

बाहेरच्या खोलीत पाळकसाहेब घड्याळाकडे बघत होते. हर्षवर्धन पाळक नुकतेच गिरगावच्या मराठी चर्चमध्ये धर्मगुरू म्हणून रुजू झाले होते. आत्यांची विचारपूस करायला ते दहा मिनिटांसाठी आले होते, तेवढ्यात आनंदाने सुरुवातीची प्रार्थना केली. आणि प्रार्थना सुरू होताना जो घरात असेल तो एकमतात धरला जाईल, असं थोरल्या हिवाळ्यांनी सांगून ठेवलेलं होतं.

"म्हणजे मीपण जेवायचं नाही?" पाळकांनी विचारलं.

"एकमत झालं की जेवायचं," आनंदा म्हणाला.

"पण माझं काही मतच नाही."

"तयार कर," आत्या म्हणाल्या. "तू जन्मलास तेव्हा मीच होते वॉर्डात. रडायला एवढा वेळ लावलास की पाठीवर फटका द्यावा लागला. अजून तसाच आहेस."

सगळे गोल करून बसले. आनंदाने डोळे मिटले, हात जोडले आणि घसा साफ केला. त्याची सगळी नोकरी महापालिकेत टिपण्या लिहिण्यात गेली होती. बाकीची मंडळी देवाला तू म्हणतात, आनंदाला ते कधी जमलं नाही.

"हे परमपवित्र स्वर्गीय बापा, मागील प्रार्थनेच्या संदर्भात आपल्या चरणी पुन्हा सादर करण्यात येते की, मालन हिवाळे, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार वडाळा, यांच्या निवासाबाबतचा निर्णय आपल्या स्तरावर प्रलंबित आहे. तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

"माझं वय कशाला सांगितलंस?" आत्यांनी विचारलं. "त्याला माहीत नाही?"

मग ज्याला जे मिळालं ते त्याने सांगायचं, अशी रीत. गंगाधर पहिला उठला. तो सरकारी खात्यात होता आणि देवाबद्दल बोलताना त्याला नेहमी नियमांची आठवण यायची.

"दादा, मी मनापासून प्रार्थना केली. मला एकच जाणवलं. सरकारी क्वार्टरमध्ये आत्या बसत नाही."

"दारातून?" आत्यांनी विचारलं.

"नियमात. आईवडील बसतात, बायको-मुलं बसतात. आत्या कुठेच लिहिलेली नाही. आणि अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, ही तर देवाचीच इच्छा आहे. हो ना, पाळकसाहेब?"

पाळकांनी मान अशी हलवली की तिचा दोन्हीकडून अर्थ लावता यावा.

"तुझा मेहुणा वर्षभर राहिला होता तिथे," आनंदा म्हणाला. "तो कोणत्या नियमात बसला?"

"तो पाहुणा होता."

"वर्षभर?"

"त्याचं मन रमलं होतं, दादा."

अनुजाने पदर सावरला. नवरा हरायला लागला की ती साक्ष द्यायची. "मी सांगते. मी देवाकडे खूण मागितली होती. म्हटलं, प्रभू, आत्यांनी आमच्याकडे यावं अशी तुझी इच्छा असेल, तर आज सकाळी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू असू दे. मी तयार झाले, दार उघडलं, बटण दाबलं." ती थांबली. "बंद होती. सहा जिने मी रडत उतरले."

पाळकांनी सहज विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"दोन वर्षं झाली," गंगाधर म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

"देवाला लिफ्टमन करून ठेवलात," आत्या म्हणाल्या.

"आत्या, श्रद्धेचा प्रश्न आहे."

"श्रद्धेचा नाही, मोटरीचा आहे."

पाळकांना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. भुकेने त्यांचा आवाज अधिकच सात्त्विक येत होता. "खुणा मागण्यात एक धोका असतो बघा. उत्तर आवडलं नाही की माणूस दुसरी खूण मागतो. मग तिसरी. खरं म्हणजे पुष्कळदा देवाची इच्छा आपल्याला आधीच कळलेली असते. आपण प्रार्थना करतो ती त्याने ती बदलावी म्हणून."

सुनेत्रा एकदम उठली. "मटण बघून येते," म्हणाली.

मटणाचं काही बघण्यासारखं नव्हतं. ते छान शिजत होतं, आणि लालबागच्या मसाल्याचा वास त्या पाच उपाशी माणसांवर दाराखालून चालून जात होता. ती ओट्याला टेकून उभी राहिली. आनंदा मागोमाग आला.

"तुला काय मिळालं?" त्याने हळूच विचारलं.

"मला काय मिळणार? तुम्हाला?"

"मला काहीच नाही. खरं सांगतो. मी रोज स्मरण करून देतोय, तिकडून पोचसुद्धा नाही." त्याने बेसिनकडे पाहिलं. "फक्त गुरुवारी एकदम वाटलं की ताट उचलावं. का वाटलं, कळलं नाही."

"पुन्हा वाटलं तर उचला," सुनेत्रा म्हणाली.

ती बाहेर येऊन बसते न बसते तोच अनुजाचा फोन वाजला. प्रार्थनेत फोन बंद ठेवायचे असतात, पण अनुजाचा फोन महिला संघाचा असल्याने चालू असायचा. शेजारच्या दीपिकाचा होता. अनुजाने घाईत कुठलं तरी बटण दाबलं आणि दीपिकाचा आवाज खोलीभर पसरला.

"वहिनी, गुड न्यूज. लिफ्ट चालू झाली. आत्ताच माणूस आला, काहीतरी ठोकलं आणि झाली पण. पंखासुद्धा चालतोय आतला. म्हटलं तुम्हाला पहिलं सांगावं, तुम्ही सकाळी किती रडत होतात."

अनुजाने फोन ठेवला. स्वयंपाकघरात रस्सा रटरटत होता तेवढाच काय तो आवाज.

"टेस्टिंग असेल," गंगाधर म्हणाला.

"पंखा चालतोय म्हणाली," पाळक म्हणाले. ते विनाकारण प्रसन्न दिसत होते.

"पण मी सकाळची खूण मागितली होती," अनुजा म्हणाली. "सकाळ तर..."

"जेवण झालं नाही तोवर सकाळच," आनंदा म्हणाला. इतका झटपट निर्णय त्याने नोकरीत कधी दिला नव्हता.

अनुजाने नवऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे. चेहरा पडला होता, पण एक मान्य करायला हवं. तिने दुसरी खूण मागितली नाही. "ठीक आहे," ती बारीक आवाजात म्हणाली. "मी म्हटलं होतं, त्याने केलं. दिवाणखान्यात पलंग टाकू."

"टीव्ही कुठे जाईल?" गंगाधरने विचारलं.

सुनेत्राच्या छातीतून एक मोठा दगड निघाला आणि त्या जागी लगेच दुसरा येऊन बसला. खोली वाचली होती. खुर्ची वाचली होती. तिने काही मागितलं नव्हतं, काही ढकललं नव्हतं. लिफ्ट आपण होऊन चालू झाली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यासारखी सोपी गोष्ट नाही.

"मग विचारतो," आनंदा म्हणाला. शेवटचा विधी त्याचा असायचा. एकेकाला विचारायचं, आणि त्याने "माझं मन एक" म्हणायचं.

"गंगाधर?"

"माझं मन... एक."

"अनुजा?"

"एक."

"पाळकसाहेब?"

"एक," पाळक म्हणाले, आणि त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

आत्यांना विचारायची रीत नव्हती. ज्याच्याबद्दल प्रार्थना, त्याचं मत धरत नसत. त्या प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. अंबाडा दुसऱ्या कुणीतरी घातला होता, म्हणजे वाकडा होता.

"गंगाधर," त्या म्हणाल्या, "सहावा मजला ना?"

"हो, आत्या."

"बरं," आत्या म्हणाल्या.

एवढंच. सुनेत्राला या घरात येऊन पस्तीस वर्षं झाली होती. मालनआत्यांनी कुठल्याही गोष्टीला नुसतं "बरं" म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. बरं म्हणजे काय बरं, कुणाला बरं, आधी भाव तरी विचारा, असं काहीतरी पुढे यायचंच. ती वाट बघत राहिली. पुढे काहीच आलं नाही.

"सुनेत्रा?" आनंदाने विचारलं.

आतल्या खोलीच्या उघड्या दारातून खिडकीतली क्रेन दिसत होती. ती आज स्थिर होती. तिचं काम मंगळवारीच झालं होतं.

"माझं एक नाही," सुनेत्रा म्हणाली. "दोन आहेत."

पाळकांनी डोळे मिटले.

"म्हणजे?" आनंदाने विचारलं.

"एक मन म्हणतं, त्यांना लिफ्टने वर जाऊ दे. ते माझं आहे. दुसरं..." ती आत्यांकडे वळली. "दुसरं मंगळवारपासून म्हणतंय, आत्या इथे राहणार. मला कळलं होतं. मी तीनदा विचारलं आणि तीनदा तेच आलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला नको होतं. मला अजूनही नको आहे, आत्याबाई, उगीच खोटं कशाला बोलू. मला ती खोली हवी आहे. पण तुम्ही यायचं आहे."

अनुजाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी महिला संघात आजवर कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

"झालं तुझं?" आत्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता माझं ऐक. इथे यायची मला हौस नाही. तुझ्या हाताला मीठ नाही. हा आनंदा पहाटे उठून बेसूर गीतं म्हणतो. वडाळ्याला माझं माझं सगळं आहे. मीपण प्रार्थना करत होते, तुम्ही एकटेच नाही. म्हटलं, देवा, मला कुठेही टाक, गंगाधरकडे टाक, वृद्धाश्रमात टाक, पण त्या दोघांच्या घरी नको. ती पोर आत्ता कुठे बसलीय." त्यांनी डाव्या हाताने नाक पुसलं. "मंगळवारी उत्तर आलं. मी ऐकू आलं नाही असं केलं. या वयात खपतं ते."

"मंगळवारी?" सुनेत्राने विचारलं.

"मंगळवारी. तुला पण?"

"मलापण."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, जशा एकाच गुन्ह्यात वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत पकडलेल्या बायका बघतील. मग आत्या हसायला लागल्या. हसताना प्लास्टरचा हात दुखला, म्हणून त्यांनी देवाला दोन शब्द सुनावले आणि पुन्हा हसल्या.

"दोघींनाही नको आहे," गंगाधर म्हणाला, "मग ही देवाची इच्छा कशी?"

"म्हणूनच," पाळक म्हणाले. त्यांना आणखी समजावून सांगायचं होतं, मोठा मुद्दा होता, रविवारच्या उपदेशाला पुरला असता. पण त्यांच्या पोटातून असा आवाज आला की मुद्दा तिथेच संपला.

आनंदाने पुन्हा सगळ्यांना विचारलं. सगळ्यांचं एक झालं. या वेळी त्याने रीत मोडून आत्यांनाही विचारलं. आत्या म्हणाल्या, "माझं मन एक. मीठ वेगळं."

अनुजाचा फोन परत वाजला. दीपिकाच होती. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती आणि दुरुस्तीचा माणूस आत होता. "देवाची स्तुती असो," अनुजा म्हणाली आणि मग भानावर येऊन म्हणाली, "म्हणजे, फायर ब्रिगेडला कळवलं का?"

गंगाधर आणि पाळक मिळून गॅलरीशेजारच्या खोलीतली खुर्ची बाहेर घेऊन आले. घरात तिला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती फ्रिजशेजारी ठेवली. फ्रिजचं दार आता अर्धंच उघडत होतं. सुनेत्रा तिच्यावर एकदा बसून बघून आली. तिथून मसाल्यांची फळी दिसत होती.

पानं वाढली. आत्यांचा उजवा हात अडकलेला, म्हणून सुनेत्राने भाकरी कुस्करून त्यांच्या ताटात रस्सा ओतला आणि चमचा डाव्या हातात दिला. आत्यांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं, पण घास घेतला नाही. जेवणाची प्रार्थना व्हायची होती.

आनंदाने सुनेत्राकडे पाहिलं, मग फ्रिजशेजारच्या खुर्चीकडे. डोळे मिटले, घसा साफ केला.

"हे स्वर्गीय बापा, या अन्नाबद्दल आपले आभारी आहोत. तसेच आजच्या बैठकीतील निर्णयानुसार मालन हिवाळे यांची व्यवस्था वरील पत्त्यावर करण्यात येत आहे. यामुळे सौ. सुनेत्रा आनंदा हिवाळे यांच्या वापरातील एकमेव खोली कमी होत आहे, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देणे आवश्यक वाटते. सदर खोली त्यांना पस्तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळाली होती व त्यांनी ती स्वखुशीने नव्हे, तर केवळ आपल्या आज्ञेवरून सोडली आहे, याची कृपया नोंद घ्यावी. सबब, परळ येथे, शक्यतो याच मजल्यावर, पूर्वेस खिडकी असलेली, एक खुर्ची मावेल अशी व आतून कडी लागणारी जादा खोली त्यांच्या नावे तातडीने मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती. लिफ्ट नसल्यास हरकत नाही. प्रभू येशूच्या नावाने, आमेन."